घराच्या फरशीखालची पोकळी : कारणे, पारख आणि दुरुस्ती

महोत्सवी स्मरणिकेत संस्थेच्या कार्याचा आढावा असतो, जुन्या आठवणी असतात, आणि ते योग्यच आहे. त्यांच्या जोडीला सभासदांच्या संसारात प्रत्यक्ष उपयोगी पडेल असा एखादा विषय असावा, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत. विषय दिसावयास क्षुल्लक आहे. घरातील फरशी एखाद्या जागी किंचित खोलगट होते, तिच्यावर पाय पडला की पोकळ आवाज येतो, भिंतीच्या कडेला बोटभर फट पडते. आपण त्या जागी चटई अंथरतो, नाही तर कपाट सरकवतो आणि विसरून जातो. परंतु फरशी वाजते याचा अर्थ तिच्याखाली आधार उरलेला नाही. हा आधार का नाहीसा झाला, याचे उत्तर मिळेपर्यंत घरच्या माणसांनी स्वस्थ बसू नये, एवढेच आमचे या लेखात सांगणे आहे.

हे सांगणे किती गंभीर आहे, ते आपल्या शहराने फार मोठी किंमत देऊन जाणले आहे. ३० मार्च २०२३ रोजी, रामनवमीच्या दिवशी, इंदूरच्या पटेल नगर भागातील बेलेश्वर महादेव मंदिरात हवन चालू असता भाविकांच्या पायांखालची जागा एकाएकी कोसळली. ती जमीन नव्हतीच. जुन्या बावडीवर घातलेले ते आच्छादन होते. ३६ माणसे प्राणास मुकली. घरातील फरशीखालची दोन इंचांची पोकळी आणि ती बावडी यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे खरे. तरीही वरून पाहणाऱ्याला फरशी फरशीसारखीच दिसते, खाली काय आहे ते ती सांगत नाही, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच. म्हणून आधी घरातील नेहमीच्या पोकळीचा विचार करू आणि मग विहिरींच्या प्रश्नाकडे वळू.

फरशीखाली काय असते?

स्लॅब म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे छत येते. छताचा स्लॅब भिंतींवर अगर तुळयांवर टेकलेला असतो, त्याच्या पोटात लोखंडी सळया असतात आणि मधल्या मोकळ्या जागेवर स्वतःच्या बळावर उभे राहण्यासाठीच तो केलेला असतो. तळमजल्याचा काँक्रीटचा थर, ज्याला आपण कोबा म्हणतो, तो निराळा. त्यात बहुधा सळया नसतात. त्याने आपले ओझे खालच्या भरावावर सोपवलेले असते.

रचना साधारण अशी असते. पाया वर आल्यावर जोत्याच्या चार भिंतींमध्ये जी पेटी तयार होते, तिच्यात मुरूम किंवा माती भरतात. तिच्यावर दगडांचे सोलिंग, सोलिंगवर तीन-चार इंच काँक्रीटचा कोबा, आणि कोब्यावर मसाला पसरून शहाबादी, कोटा किंवा मोझॅकची फरशी. भराव घट्ट आहे तोवर कोब्याला काहीच श्रम नसतात. भराव बसला किंवा वाहून गेला, की ज्या कोब्याला कधी अधांतरी राहावयाचे नव्हते, तो छत होऊन बसतो. सळयांवाचून ताण सोसण्याची शक्ती काँक्रीटमध्ये फार थोडी असते. त्यामुळे काही दिवस तो तग धरतो आणि मग एखादे जड कपाट किंवा पाण्याचे पिंप ठेवल्याचे निमित्त होऊन तडकतो.

माती जाते कोठे?

पहिले आणि सर्वांत सामान्य कारण म्हणजे भराव नीट न धुम्मसणे. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी पसरावा, प्रत्येक थरावर पाणी मारावे आणि धुम्मसाने ठोकून मगच पुढचा थर घालावा, ही रीत प्रत्येक मिस्त्रीला माहीत असते. पण घाईच्या कामात तीन फुटांचा भराव एकदम ओतला जातो. त्यात पाडलेल्या भिंतीचे रोडे, लाकडाचे तुकडे, रिकामी पोतीही जातात. असा भराव पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत हळूहळू दबतो आणि कोब्याच्या पोटापासून सुटतो.

दुसरे कारण आपल्या माळव्याच्या मातीत आहे. माळव्याचे पठार दख्खनच्या काळ्या पाषाणाचे बनलेले आहे. तो खडक झिजून आपली काळी माती झाली. कापसाला आणि गव्हाला ही माती वरदान आहे, घरांना मात्र ती त्रासदायक ठरते. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे एक खनिज असते. त्याचे कण पत्त्यांच्या कॅटाप्रमाणे अतिशय पातळ थरांचे असतात आणि ओलावा मिळाला की या थरांमध्ये पाणी शिरून ते परस्परांपासून दूर सरतात. म्हणून पावसाळ्यात काळी माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतात हे दृश्य आपण दर वैशाखात पाहतो. घराखालीही हेच चालते, फक्त ते दिसत नाही. त्यातही घराच्या मध्यभागी ओलावा बराचसा टिकून राहतो आणि कडेची माती मात्र ऋतूनुसार कोरडी-ओली होत राहते. त्यामुळे फरशी भिंतीलगत सुटते आणि मध्यभागी फुगीर दिसते.

आपली माती किती फुगणारी आहे, हे पाहण्याची एक सोपी परीक्षा आहे. माती वाळवून, कुटून, बारीक चाळणीने चाळावी. एकाच आकाराच्या दोन सरळ उंच काचपात्रांत सारखीच, दहा-दहा ग्रॅम, माती घ्यावी. एकात रॉकेल आणि दुसऱ्यात पाणी घालून ढवळावे आणि चोवीस तास ठेवावे. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्ही थरांच्या उंचीतला फरक म्हणजे तिची फुगण्याची वृत्ती. रॉकेलमधील थर दहा रेघा आणि पाण्यातील सोळा रेघा असेल, तर माती ६० टक्के फुगते. भारतीय मानकांत ही परीक्षा १९७७ पासून दिलेली आहे. पन्नास टक्क्यांहून अधिक फुगणारी माती कोब्याखाली ठेवू नये, असे धोरण बाळगावे.

तिसरे कारण पाणी. जमिनीत पुरलेला नळ झिरपत असेल, मोरीच्या जाळीखालचा सांधा फुटला असेल, किंवा सांडपाण्याच्या नळीचा जोड सुटला असेल, तर पाणी मातीचे बारीक कण बरोबर घेऊन वाट काढते. कण कोठे तरी गेले पाहिजेत. ते फुटक्या गटारात जातात आणि गटारातून वाहून जातात. अशा रीतीने रोज चमचाभर माती गेली तरी काही वर्षांत घमेली भरतील. या कारणाने झालेली पोकळी सर्वांत फसवी, कारण ती थांबत नाही, वाढत जाते.

चौथे कारण उंदीर आणि घुशी. ज्यांच्या घरामागे उघडी गटारे आहेत, त्यांना हे सांगावयास नको. इंदूर आणि उंदीर यांचा झगडा जुना आहे. विख्यात नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबारासाठी इंदूर शहराच्या सुधारणेचा मोठा अहवाल १९१८ साली सादर केला. प्लेगने गांजलेल्या त्या काळात त्यांचा भर घरे सरसकट पाडण्यावर नव्हता. थोडकी काटछाट करावी, स्वच्छता राखावी आणि आहे तेच दुरुस्त करावे, असा त्यांचा आग्रह होता. फरशीखालच्या पोकळीलाही हीच दृष्टी लागू पडते. सारे घर उखडण्यापूर्वी दुखणे नेमके कोठे आहे ते शोधावे.

पाचवे कारण जुन्या वास्तूंचे अवशेष : बुजवलेली विहीर, निकामी सेप्टिक टाकी, शोषखड्डा, कापलेल्या झाडाचा कुजलेला बुंधा. आपल्या परदेशीपुऱ्यात आणि एकंदर गिरण्यांच्या परिसरात अशी शक्यता विशेष. येथे एका खोलीची दोन घरे झाली, दोनाची तीन मजली घरे झाली, जुनी अंगणे खोल्यांत गेली. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली, त्यानंतर अनेक कुटुंबांनी घरे विकली आणि नवी माणसे आली. घर हातोहात गेले, पण अंगणात खड्डा कोठे होता, ही माहिती नव्या मालकाकडे पोचलीच असेल असे नाही.

पारख कशी करावी?

आधी कान वापरावा. लाकडी मुठीची हलकी हातोडी घेऊन फरशीवर फूट-फूट अंतराने हळू ठोकीत जावे. भरीव जागी आवाज बारीक आणि कडक येतो. पोकळ जागी तो जाड, ढोलासारखा येतो. ज्या जागी आवाज बदलेल तेथे खडूने खूण करावी. सर्व खोली झाल्यावर खुणा जोडल्या की पोकळीचा नकाशा तयार होतो. हे काम घरातील मुलेही हौसेने करतात.

येथे एक सावधगिरी हवी. एखादीच फरशी वाजत असेल आणि शेजारची वाजत नसेल, तर बहुधा कोबा शाबूत असून फक्त त्या फरशीखालचा मसाला सुटलेला असतो. ती फरशी उचलून पुन्हा बसविली की काम संपते. पाच-सहा फरश्यांचा सलग पट्टा वाजत असेल, त्यावर जोराने पाय आपटल्यास जवळ ठेवलेल्या पातेल्यातील पाणी थरथरत असेल, तर दोष कोब्याच्या खाली आहे असे समजावे.

मग डोळे वापरावे. भिंतीच्या पायपट्टीखाली फट पडली आहे काय? दाराची चौकट तिरपी होऊन दार घासते काय? भिंतीत तिरपे तडे गेले आहेत काय? फरशी खाली गेली पण भिंती जागच्या जागी आहेत, तर तो भरावाचा दोष. भिंतीतही तडे असतील, तर प्रश्न पायाचा आहे, आणि तो गवंड्याचा नसून इंजिनिअरचा आहे. तडा जुना की वाढता, हे ओळखण्यासाठी त्यावर प्लॅस्टरची छोटी टिकली लावून तारीख लिहावी. दोन-तीन महिन्यांत ती टिकली फुटली, तर तडा अजून हलतो आहे.

शेवटी मोजमाप. खुणेच्या मध्यभागी, फरशीच्या सांध्यात, अर्धा इंच व्यासाचे भोक कोब्याच्या आरपार पाडावे. त्यापूर्वी विजेची आणि पाण्याची पुरलेली नळी कोठून जाते याची खात्री करावी. भोकातून जाड तार सोडून ती किती खाली टेकते ते पाहावे, आणि त्यातून कोब्याची जाडी वजा करावी. तीन-चार ठिकाणी असे मोजले की पोकळीची सरासरी खोली कळते. तार दोन-तीन इंचांवर टेकली तर काळजी नाही. ती हातभर जाऊनही टेकली नाही, किंवा ओली होऊन वर आली, तर काम तेथेच थांबवावे, ती जागा माणसांसाठी बंद करावी आणि जाणकाराला बोलवावे.

आधी पाणी, मग सिमेंट

रोग म्हशीला आणि इलाज पखालीला, असे आपल्याकडे म्हणतात. फरशीच्या बाबतीत हे पुष्कळदा घडते. मिस्त्री येतो, भोक पाडतो, चार पोती सिमेंट ओततो आणि जातो. वर्षाने फरशी पुन्हा वाजू लागते, कारण गळणारा नळ तसाच असतो. म्हणून पाण्याचा तपास आधी करावा.

नळाच्या पाण्याचा तपास इंदुरात थोडा वेगळा करावा लागतो. १९७८ साली नर्मदेचे पाणी शहरात आले, तेव्हापासून पुष्कळ वस्त्यांचा तोच आधार आहे. परंतु जेथे पाणी एक दिवसाआड आणि ठराविक वेळच येते, तेथे रस्त्यापासून हौदापर्यंतची नळी बाकीचा वेळ रिकामी असते आणि गळतीही तेव्हा दिसत नाही. म्हणून पाणी येण्याच्या वेळीच त्या नळीच्या रेषेवर फरशीला कान लावावा, ओल पाहावी. हौदाची परीक्षा रात्री करावी. झोपण्यापूर्वी सर्व तोट्या आणि पंप बंद करून पाण्याच्या पातळीवर खूण करावी. सकाळी पातळी उतरली असेल, तर हौद स्वतःच गळतो आहे. छपरावरच्या टाकीची आणि तिच्या नळांची परीक्षा याच रीतीने होते.

सांडपाण्यासाठी कपड्यांची नीळ घ्यावी. बादलीभर पाण्यात ती कालवून मोरीत ओतावी आणि बाहेरचे चेंबर उघडून पाहावे. पाणी थोड्याच वेळात तितक्याच जोराने आले तर ठीक. ते फार उशिरा, फार थोडे आले किंवा आलेच नाही, तर वाटेत कोठे तरी जमिनीत मुरते आहे. चेंबरच्या तळाशी मुरूम किंवा माती साचलेली दिसली, तर आपल्या फरशीखालची माती कोठे गेली ते डोळ्यांनी दिसले असे समजा.

घुशींची बिळे असतील तर ती बुजविण्यापूर्वी त्यांचे दुसरे तोंड शोधावे. काचेचे तुकडे मिसळलेला सिमेंटचा मसाला बिळात खोलवर ठासावा आणि गटाराकडच्या तोंडाला लोखंडी जाळी बसवावी. नुसते वरचे तोंड लिंपल्यास घूस शेजारून नवे तोंड काढते.

लहान पोकळी भरण्याची रीत

कारण दूर झाले, कोबा फुटलेला नाही आणि पोकळी दोन-तीन इंचांपर्यंतच आहे, तर फरशी न उखडता पातळ मसाला आत सोडून ती भरता येते. या कामाला मिस्त्री ग्राउटिंग म्हणतात. अमेरिकेत १९३० च्या दशकापासून रस्त्यांच्या खचलेल्या काँक्रीट लाद्यांखाली माती-सिमेंटचा राडा पंपाने दाबून त्या उचलण्याची पद्धत रूढ झाली. आपल्या घरातील काम तिचेच सौम्य रूप. आपल्याला लादी उचलावयाची नाही, फक्त तिला आधार द्यावयाचा आहे.

आधी हिशेब करावा. समजा, पोकळी सहा फूट लांब, पाच फूट रुंद आणि सरासरी दोन इंच खोल आहे. म्हणजे पाच घनफूट, सुमारे १४२ लिटर. एक पोते सिमेंट आणि दोन पोती मापाची बारीक चाळलेली रेती, त्यात ओतण्याजोगे होईल इतपत पाणी, असा मसाला केल्यास एका पोत्यापासून साधारण ८५ लिटर मसाला मिळतो. म्हणजे पावणेदोन पोती लागतील. दोन पोती हाताशी ठेवावी. हा आकडा मनात पक्का असावा. दोनऐवजी चार पोती आत गेली आणि भोक तरीही भरत नाही, तर मसाला आपल्या पोकळीत जात नसून गटारात, बिळात किंवा शेजाऱ्याच्या घराखाली जातो आहे. त्या क्षणी थांबावे.

काम असे करावे. खुणेच्या आत दोन-अडीच फुटांच्या अंतराने इंचभर व्यासाची भोके पाडावी. मोरी, चेंबर आणि न्हाणीची जाळी उघडी ठेवून एका माणसाने तेथे लक्ष ठेवावे. मसाला तेथे दिसू लागला तर लगेच काम थांबवून पाणी ओतून नळी धुवावी. एका टोकाच्या भोकात हातभर लांबीची नळी उभी करून नरसाळ्याने मसाला हळूहळू सोडावा. शेजारच्या भोकातून आधी हवा निघेल, मग पाणी, मग मसाला. मसाला दिसला की त्या भोकात लाकडी खुंटी ठोकावी आणि पुढच्या भोकाकडे जावे. अशा रीतीने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेल्यास हवा आत कोंडत नाही. पंपाने जोर लावू नये. त्या दाबाने फरशी वर उचलली जाते आणि तडकते.

दुसऱ्या दिवशी खुंट्या काढून पाहावे. मसाला बसून थोडी जागा मोकळी झालेली असते. ती पुन्हा भरावी आणि मग भोके बंद करावी. आठवडाभर त्या जागी जड सामान ठेवू नये. नंतर पुन्हा हातोडीने ठोकून खडूचा नकाशा तपासावा.

मसाल्यात पाणी जास्त घातल्यास तो चटकन वाहतो, पण वाळल्यावर आक्रसतो आणि पुन्हा फट पडते. नुसती कोरडी रेती भरणे स्वस्त आहे, परंतु गळती पुन्हा झाली तर ती सर्वांआधी वाहून जाते. हल्ली फुगणारा रासायनिक फोम भरणारेही कारागीर मिळतात. तो हलका असतो आणि लवकर घट्ट होतो. मात्र तो भरताना फरशी वर येत नाही ना, याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते.

काळ्या मातीच्या घरांसाठी ऋतूचाही विचार करावा. भर वैशाखात माती अगदी आक्रसलेली असताना मोठी दिसणारी फट कठीण सिमेंटने गच्च भरली, तर आषाढ-श्रावणात माती फुगण्यास जागा उरत नाही आणि ती फरशीच वर ढकलते. म्हणून हे काम पावसाळा सरल्यावर, दिवाळीनंतर, माती मधल्या ओलाव्यात असताना करणे बरे.

फरशी उखडावी केव्हा?

कोबा तडकला असेल, पोकळी सहा इंचांहून खोल असेल, किंवा कोब्याखाली थेट काळी मातीच असेल, तर वरून मसाला ओतणे म्हणजे पैसे मातीत घालणे होय. तेथे फरशी उखडून, सैल भराव घट्ट थर लागेपर्यंत काढावा. काळी माती शक्य तितकी काढून तिच्या जागी मुरूम भरावा. सहा इंचांचा थर, पाणी, धुम्मस, पुन्हा थर. मुरुमाचा असा न फुगणारा जाड थर खालच्या काळ्या मातीला आवरून धरतो, हे मुंबईच्या आय. आय. टी.मधील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी आपल्या संशोधनातून दाखवून दिले, आणि कालव्यांच्या कामांत त्याचा उपयोग झाला. त्यावर सोलिंग, मग चार इंच कोबा, आणि निदान सात दिवस तराई.

पायाच खचत असेल तर वेगळा उपाय लागतो. मातीचे फुगणे-आक्रसणे खोलवर कमी होत जाते. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी खालच्या टोकाला कंदासारखा फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब विकसित केले. साधारण साडेतीन मीटर खोल, न हलणाऱ्या थरात ते रोवले जातात. नवे घर बांधणाऱ्यांनी याची चौकशी जरूर करावी. आपल्या शहरात गोविंदराम सेकसरिया तांत्रिक संस्था १९५२ पासून आहे. तेथून शिकून निघालेले स्थापत्य इंजिनिअर इंदुरात पुष्कळ आहेत. त्यांचा एक दिवसाचा सल्ला दहा पोती सिमेंटपेक्षा स्वस्त पडतो.

दुरुस्तीनंतर घराभोवती तीन-चार फूट रुंदीची, बाहेरच्या बाजूस उतार असलेली फरसबंदी करावी, म्हणजे पावसाचे पाणी जोत्याशी मुरत नाही. छपराच्या पन्हळीचे पाणी भिंतीपासून दूर सोडावे. मोठे होणारे झाड भिंतीपासून निदान आपल्या पूर्ण उंचीइतके दूर असावे. त्याची मुळे उन्हाळ्यात घराखालचा ओलावा ओढून घेतात.

विहीर, बावडी आणि सेप्टिक टाकी

आता मूळ चिंतेकडे येऊ. विहिरीवर किंवा टाकीवर घातलेले आच्छादन कितीही जाड असले, तरी ते जमीन होत नाही. त्याच्या पोटाला रात्रंदिवस दमट हवा लागते. त्या ओलाव्याने सळया आणि गर्डर गंजतात. गंज लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून काँक्रीटचे पापुद्रे खालून सुटू लागतात. छताला असे झाले तर आपल्याला घरात बसून दिसते. येथे ते पाहणारे कोणीच नसते. त्यात ओझे नेहमी सारखे नसते. शंभर चौरस फूट जागेत एरवी दोन माणसे वावरत असतील. पण लग्नकार्यात किंवा पूजेत चाळीस माणसे दाटीने बसली, तर दोन टनांहून अधिक भार पडतो. म्हणजे सणासुदीचा, आनंदाचा दिवस हाच अशा जागेच्या परीक्षेचा दिवस असतो.

म्हणून ज्या घरात, वाड्यात किंवा देवळात अशी झाकलेली विहीर आहे, तेथे पहिली गोष्ट म्हणजे त्या जागेवर बैठक, पंगत किंवा मंडप घालणे बंद करावे. दुसरी, इंजिनिअरकडून आच्छादनाची तपासणी करून घ्यावी. तिसरी, विहीर ठेवावयाची की बुजवावयाची, ते महापालिकेला कळवून ठरवावे. पाणी चांगले असेल तर उघडा कठडा आणि मजबूत जाळी लावून विहीर जिवंत ठेवणे हे सर्वांत उत्तम. दिसणाऱ्या विहिरीत माणूस सहसा पडत नाही. बुजवावयाची असेल तर गाळ व कुजके पदार्थ काढून, तळाशी मोठे दगड, मग खडी, मग मुरुमाचे ठोकलेले थर, असे तळापासून भरीत यावे. वर एक छत घालून आत पोकळी ठेवणे म्हणजे बुजविणे नव्हे. एवढे करूनही भराव काही पावसाळे दबत राहतो. तेव्हा त्यावर भिंत किंवा खोली बांधू नये.

निकामी सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा यांनाही हेच लागू. मात्र त्यात कोणालाही उतरवू नये, दोन मिनिटांसाठीही नाही. आत प्राणवायू नसतो, विषारी वायू असतात, आणि पहिल्याला वाचवावयास उतरलेला दुसराही परत येत नाही. माणसाकडून अशी टाकी धोकादायक रीतीने साफ करविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गाळ यंत्राने उपसून घ्यावा, झाकण व आच्छादन बाहेरूनच फोडावे आणि मग ती भरावी.

घराच्या कागदपत्रांत एक पान

या सर्व उपायांत सर्वांत स्वस्त उपाय आम्ही शेवटी सांगत आहोत. त्याला सिमेंट लागत नाही, एक कागद पुरतो. आपल्या घराचा साधा नकाशा काढावा आणि त्यावर पाच गोष्टी दाखवाव्या : पाण्याची नळी कोठून जाते, सांडपाण्याची कोठून जाते, हौद कोठे आहे, सेप्टिक टाकी किंवा शोषखड्डा कोठे आहे किंवा होता, आणि जुनी विहीर किंवा मोठे झाड कोठे होते. शेवटच्या दोन गोष्टी घरातील अगर शेजारच्या वयोवृद्धांना विचारल्यावाचून कळणार नाहीत. आजींना अंगणातल्या रहाटाची जागा आठवते, काकांना चेंडू कोणत्या खड्ड्यात पडत असे ते आठवते. ही माहिती त्यांच्याबरोबर जाण्यापूर्वी कागदावर आली पाहिजे.

हा कागद घराच्या खरेदीखताबरोबर ठेवावा. घर विकताना नव्या मालकाला द्यावा, भाडेकरूला दाखवावा, मिस्त्री आला की आधी तो त्याच्या हाती द्यावा. आपले सभासद एकमेकांच्या सुखदुःखात धावून जातात, लग्नाकार्याला एकमेकांची ओसरी मागून घेतात. ज्या ओसरीवर आपण पाहुण्यांना बसविणार, तिच्याखाली काय आहे हे ठाऊक असणे यजमानाचे कर्तव्य आहे. या महोत्सवी वर्षात प्रत्येक सभासद-कुटुंबाने एका रविवारी हातोडी, खडू आणि कागद घेऊन आपले घर तपासावे, आणि ज्या घरी एकटे वृद्ध राहतात त्यांच्या घरी तरुणांनी जाऊन हे काम करून द्यावे, अशी आमची सर्वांस नम्र विनंती आहे.